वाणाची चाळीस रोपं

चारुता राऊत थकली होती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. शास्त्रज्ञ बाई म्हटलं की लोकांना काहीतरी भलतंच वाटतं. पांढरा कोट, चकचकीत टेबल, डोळ्यांत तेज. तेज कसलं घेऊन बसलात! छप्पन्नावं लागलेलं, मान धरलेली, सूक्ष्मदर्शकावर वाकून वाकून कंबरेचे बारा वाजलेले, आणि पांढरा कोट म्हणाल तर तो केंद्राच्या खुंटीवर चार वर्षं धूळ खात होता. रोज सकाळी बोईसरहून स्कूटी काढायची, कारखान्यांच्या वासातून नाक दाबून बाहेर पडायचं, पालघरजवळच्या एका लहानशा फळसंशोधन केंद्रात पोचायचं आणि दिवसभर स्ट्रॉबेरीची पानं उलटीपालटी करून बघायची. वनस्पतींचे आजार हा तिचा विषय, आणि त्यातही विषाणू.

नवरा केदार तारापूरच्या एका कारखान्यात पाळीवर. तो घरी यायचा तेव्हा ही निघालेली, ही यायची तेव्हा तो झोपलेला. त्यांचा संसार फ्रिजवरच्या चिठ्ठ्यांवर चालायचा. 'कुकर लावलाय.' 'गॅसवाला येऊन गेला.' एकदा केदारने 'बरी आहेस ना?' अशी चिठ्ठी लावली होती. तिने त्याखाली 'दूध संपलंय' लिहिलं आणि कामाला गेली. भांडण नव्हतं हो काही. दुसरं काय लिहायचं ते सुचलं नाही, इतकंच.

स्ट्रॉबेरी आणि समुद्रकाठ, हे ऐकून निम्मे लोक हसायचे. थंड डोंगरावरचं पीक ते, इथे खाऱ्या वाऱ्यात कशाला मरायला येतंय? पण चारुताने सहा वर्षं खपून एक जात निवडून काढली होती. वहीत तिला नुसता नऊ नंबर होता. सावली आणि पाणी वेळेवर मिळालं तर ती आपल्याकडचा उन्हाळाही काढायची. त्या जातीची अकरा मातृरोपं केंद्राच्या मागे बारीक जाळीच्या घरात होती. त्यांनी आडवे फाटे सोडायचे, फाट्यांना मुळं फुटायची, आणि त्यातून नवी रोपं व्हायची. म्हणजे मातृरोप निरोगी तर सगळं खानदान निरोगी. आणि मातृरोप बिघडलं की बसा बोंबलत.

आता विषाणू म्हणजे काय चीज आहे ते थोडं सांगायला हवं. बुरशी निदान तोंड तरी दाखवते. डाग पडतो, पांढरं दिसतं, माणूस समजून जातो. विषाणू लबाड. एकटा असला तर झाड हूं की चूं करत नाही. हिरवंगार, गुटगुटीत, दृष्ट लागावी असं दिसतं. मग त्याच्यावर मावा बसतो, रस पितो, शेजारच्या रोपावर जाऊन बसतो आणि विषाणू तिकडे पोचवतो. तिथे दुसऱ्या जातीचा विषाणू आधीच येऊन बसलेला असला की दोघं मिळून रोपाला असं काही धरतात, की पानं आखडतात, रोप जमिनीला टेकतं आणि फळ धरतच नाही. औषध? नाही. उपटायचं आणि जाळायचं, एवढंच औषध.

मग निरोगी दिसणाऱ्या रोपाच्या पोटात काय आहे ते कळायचं कसं? पुण्याला नमुने पाठवता येतात, पण तिथल्या रांगेत नंबर लागेपर्यंत इथे हंगाम संपतो. म्हणून चारुता जुन्या पद्धतीने करायची. तिच्याकडे जंगली स्ट्रॉबेरीची रोपं होती, फार नाजूक. विषाणू जरा अंगात शिरला की ती लगेच पिवळी पडायची, सुरकुतायची. केंद्रातली माणसं त्यांना 'रडकी' म्हणायची. रडकीचं मधलं पान खुडायचं, देठाला ब्लेडने उभी चीर द्यायची, संशयित रोपाच्या पानाचा देठ पाचरीसारखा तासून त्या चिरेत बसवायचा, वरून पट्टी गुंडाळायची आणि सहा आठवडे वाट बघायची. रडकी रडली तर संशयित रोप आजारी. नाही रडली तर सुटका. बावीस वर्षांत चारुताने असे किती देठ तासले असतील, देव जाणे. तिच्या उजव्या अंगठ्याची कातडी त्या ब्लेडने कायमची जाड झाली होती.

सहा आठवडे. घोडं पेंड खायचं ते या सहा आठवड्यांपाशी.

तीन वर्षांपूर्वी, जानेवारीच्या सुरुवातीला, तिच्या वहिनीचा फोन आला. विजयावहिनी म्हणजे शिरगावच्या थोरल्या भावाची, अण्णाची बायको; चारुता लग्नानंतरही माहेरचं राऊत हेच आडनाव लावायची. वाडीत केळी, पानवेल, भाजी. बाईच्या हाताला उसंत नाही आणि तोंडालाही. गावातल्या बचत गटाची पुढारी.

"चारू, दरसाल बायकांना प्लास्टिकचे डबे देऊन आमी कंटाळलो. डबे ठेवायला घरात जागा नाय उरली कोनाच्या. यंदा हळदीकुंकवाला तुझी रोपं वाण म्हणून देऊया. चाळीस बायका हायत."

नऊ नंबरचं रोप कुणी मागून घेतंय, हे चारुताने पहिल्यांदाच ऐकलं. वरच्या साहेबांनी सहा वर्षांत कधी 'बरं आहे' म्हटलं नव्हतं. बाई हुरळली. फाट्यांपासून केलेली पन्नासेक जादा रोपं होतीच, ऊन सोसायची सवय लागावी म्हणून दहा दिवसांपासून जाळीच्या घराबाहेर बाकावर ठेवलेली. नियम असा होता की बाहेर आलेलं रोप पुन्हा रडकीवर तपासल्याशिवाय केंद्राबाहेर जाऊ द्यायचं नाही. आणि हा नियम कुणी केला होता? तिनेच. पण सहा आठवडे कोण थांबतं? संक्रांत थांबते होय? तिने मनाशी म्हटलं, मातृरोपं तपासलेली आहेत, दहा दिवसांत असं काय आकाश कोसळणार आहे. त्या बाकापासून वीस पावलांवर, बाजारातून आणलेल्या रोपांचा एक जुना वाफा होता आणि त्याच्यावर मावा होता, हे तिला ठाऊक होतं. ठाऊक असून तिने रोपं गाडीत भरली. चूक ती चूक, तिला गोड कशाला करायची?

हळदीकुंकू झालं झकास. कागदी पेल्यातली रोपं घेऊन चाळीस सुवासिनी घरी गेल्या. कुणी तुळशीशेजारी ठेवलं, कुणी ओट्यावर. विजयावहिनीने वहीच्या मागच्या पानावर आलेल्या प्रत्येकीचं नाव लिहून ठेवलं. ही तिची जुनी खोड; नाहीतर पुढल्या वर्षी एखादी राहून जाते आणि मग वर्षभर रुसवा. रोपं जगली, फळंही चार-दोन धरली आणि बायकांना चटक लागली. पुढल्या वर्षीच्या ऑक्टोबरात गटाने पाच गुंठ्यांत गादीवाफे घातले, केंद्रातून तपासलेली रोपं नेऊन लावली. तेवीस बायका पाळ्या लावून पाणी घालायच्या. डिसेंबरात सगळी बाग बसली. नुसती जमिनीला चिकटली.

चारुताने पानं नेली, रडक्यांवर बांधली. रडक्या रडल्या. एक नाही, दोन विषाणू निघाले. मग तिने गावातल्या वाणाच्या रोपांची पानं आणली, ती वरून हिरवीगार. त्यांच्यातही तेच दोन विषाणू, कुणात हा तर कुणात तो. म्हणजे रोग गावात कुणी आणला? हिने. स्वतःच्या हाताने, हळदीकुंकू लावून.

तिने वहिनीला सगळं सांगितलं, काही झाकलं नाही. "वाणाची सगळी रोपं उपटायला हवीत, वहिनी. एकही ठेवून चालणार नाही. मावा तिथून उचलून बागेत आणतोय."

विजयावहिनी कपाळाला हात लावून बसली. "दिलेलं वाण परत मागायचं? अगो, जोड्याने मारतील मला. कोनाच्या घरात काय वाईट झालं तर म्हणतील, राऊतांच्या सुनेने वाण परत नेलं म्हणून झालं."

मग तोड तिनेच काढली. परत घ्यायचं नाही, बदलून द्यायचं. नवं तपासलेलं रोप, वर पुन्हा हळदीकुंकू, ओटीला तांदूळ नि नारळ. तिची बाजू काही चुकीची नव्हती. गावात राहायचं तिला होतं. दोन दिवस ही वरात गावातून फिरली. पुढे विजयावहिनी ताट घेऊन, मागे चारुता एका हातात पोतं आणि दुसऱ्या हातात वहीतली यादी घेऊन. एकेक नाव, एकेक दार, एकेक रोप पोत्यात. चाळीस नावं, चाळीस खुणा. पोतं तिने स्वतः जाळलं, राख होईपर्यंत तिथून हलली नाही. झालं एकदाचं, असं म्हणून घरी आली आणि फ्रिजवर 'झोपते, उठवू नकोस' अशी चिठ्ठी लावली.

पुढच्या ऑक्टोबरात गटाने पुन्हा बाग लावली. आणि जानेवारीत बाग पुन्हा बसली.

आता काय सांगायचं! चारुताने मातृरोपं तपासली, एकदा सोडून दोनदा. अकराच्या अकरा स्वच्छ. बदलून दिलेल्या रोपांपैकी मात्र सात-आठांना नव्याने लागण; तीही तिने उपटून जाळली. म्हणजे रोग गावातच कुठेतरी मुक्काम ठोकून होता. पण कुठे? यादी तिने इतक्यांदा वाचली की नावं पाठ झाली. चाळीसपैकी चाळीस. सुटलं कोणीच नव्हतं. बायकांचा धीरही सुटला. एकीने तोंडावर सांगितलं, "ताई, तुमची रोपं तुमच्याकडं ठेवा. आमी आपली वांगी लावतो."

केंद्राचे प्रमुख नरहरी साहेब, माणूस वाईट नव्हता, पण त्यांच्या मागे त्यांचे वरचे. त्यांनी तिला बोलावून सरळ सांगितलं, "मॅडम, मार्चअखेर मला अहवाल द्या. रोग कुठून येतो ते सापडलं तर पुढे चालू. नाही सापडलं तर हे काम बंद, जाळीचं घर दुसऱ्या कामाला. मातृरोपं तुम्ही हवी तर घरी न्या."

घरी? तिसऱ्या मजल्यावर, पश्चिमेच्या उन्हात, बोईसरच्या त्या हवेत? मेच्या पहिल्या आठवड्यात अकराही रोपं खलास झाली असती, आणि त्यांच्याबरोबर तिची नऊ वर्षं. तिला रडू आलं नाही. नुसता राग आला, आणि तोही थकलेला राग, बसूनच करायचा.

केदारला त्या दिवशी सुट्टी होती. दोघं कधी नव्हे ते एका वेळी जेवायला बसली होती. तो म्हणाला, "सोड ना. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत तुझी. कोण विचारणार आहे?"

"कोणी नाही," ती म्हणाली. "पण गावात घाण मी करून ठेवलीय ना."

त्याने तिच्या ताटात भात वाढला.

फेब्रुवारीत तिने शेवटचा उपाय केला. अठरा रडक्या कुंड्यांत लावल्या आणि शिरगावात ठिकठिकाणी नेऊन ठेवल्या. देवळामागे, सुरूच्या बनाच्या कडेला, विहिरीपाशी, बागेच्या चार कोपऱ्यांवर. चोर कुठून येतो ते कळत नसेल तर प्रत्येक वाटेवर एकेक राखण्या बसवायचा, असा तो प्रकार. जिथे रोगी मावा जास्त, तिथली रडकी आधी रडणार. दर तिसऱ्या दिवशी ती भिंग घेऊन अठरा कुंड्यांची फेरी मारायची. गावातले लोक बघून हसायचे. दोन कुंड्या शेळ्यांनी खाल्ल्या. एक कुणीतरी चोरून नेली, त्याला काय कळलं असेल ते त्यालाच ठाऊक.

मार्चच्या मध्यावर दोन रडक्या पिवळ्या पडल्या. दोन्ही मागच्या आळीच्या तोंडाशी ठेवलेल्या. बाकी सगळ्या अजून हिरव्या.

"मागची आळी?" विजयावहिनी म्हणाली. "तिथं कोन स्ट्रॉबेरी लावतंय? तिथं यादीतलं एक नाव नाय."

चारुताने यादी उघडून पाहिली. खरंच नव्हतं. वर्षभर ती यादी उशाशी घेऊन झोपली, आणि त्या आळीतलं एकही नाव तिच्यात का नाही, हा प्रश्न तिला कधी पडला नव्हता. ती उठली आणि उन्हात चालू लागली. वहिनी मागून आली, पण नेहमीसारखी बोलत नव्हती.

मागच्या आळीत वाड्यांवर कामाला येणारी माणसं राहायची. तिसरं घर साखरबाईचं. मूळ जालन्याकडची; नवरा पुंजाराम कुंभवलीला राहून कारखान्यात काम करायचा, तो नऊ वर्षांपूर्वी तापाने गेला, तेव्हापासून ही शिरगावला राऊतांच्या वाडीत निंदणी-खुरपणी करायची. घराचं तोंड गल्लीकडे, पण चारुता बाजूच्या बोळातून मागे गेली आणि जागच्या जागी उभी राहिली.

मागच्या अंगणात स्ट्रॉबेरी होती. तेलाच्या डब्यांत, रंगाच्या बादल्यांत, मासळीच्या थर्माकोलच्या खोक्यांत. सावलीला जुनी साडी बांधलेली. पानं तळहाताएवढी, काळीभोर हिरवी, एकावर डाग नाही. केंद्राच्या जाळीच्या घरातही नऊ नंबर असा कधी आला नव्हता. तिने एक पान उलटं केलं. खालच्या बाजूला मावा, शिरांच्या कडेने ओळीने बसलेला.

साखरबाई पदराला हात पुशीत बाहेर आली आणि हरखली. "ताई! या, या. बघा की कशी आलीत. तुमच्याच हातची हायेत."

"माझ्या?" चारुता म्हणाली. "तुम्हाला मी कधी दिली?"

साखरबाईने तिच्या खांद्यावरून मागे पाहिलं. विजयावहिनी बोळाच्या तोंडाशी उभी होती आणि खाली बघत होती.

"मी दिलं तिला," वहिनी म्हणाली. "हळदीकुंकवाच्या दिवशी चा, भजी सगळं तीच करत होती चुलीपाशी. बायका गेल्या, तू पण गेलीस. चार-पाच रोपं उरली होती, त्यातलं एक मागच्या दारानं दिलं, बाकीची पेल्यातच सुकली. मला वाईट वाटलं गो. सगळ्या घेऊन गेल्या नि ती भांडी घासत होती."

"मग लिहिलं का नाहीस?"

"काय लिहू? तिला वाण दिलं म्हणून लिहू? नवरा गेलेल्या बाईला वाण देतात काय? कोनी वही बघितली असती तर?" वहिनीचा आवाज चिरकला. "आणि ते वाण नव्हतंच माझ्या लेखी. नुसतं एक रोप दिलं, कामवालीला भाजी देतो तसं. यादी करताना डोक्यातच नाय आलं, चारू. देवाशपथ नाय आलं."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. पण चारुताला वहिनीवर ओरडायला तोंड नव्हतं. वहिनी गावात राहणारी बाई, तिला रीत सांभाळायची होती. आणि ही? ही तर शास्त्रज्ञ. रोगाचा माग काढायचा तर प्रत्येक रोप मोजायचं, हे ती बावीस वर्षं पोरांना शिकवत आली. आणि स्वतः मात्र हळदीकुंकवाची यादी घेऊन माग काढायला निघाली, जिच्यात कोण नसणार हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मावा काय कपाळ बघून बसतो? तिला इतकी लाज वाटली की उन्हात उभ्या उभ्या कान तापले.

"एकाचीच एवढी झाली?" तिने विचारलं.

"याच्या तिप्पट झाली असती," साखरबाई म्हणाली. "वाटली की म्या. दरसाल वाटते. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी किंक्रांत असती ना, त्या दिवशी कुनी शुभ काम करत न्हाई. म्हनून आमी त्याच दिवशी जमतो, इथंच. ज्यांना तुमच्याकडं बोलावनं नसतं त्या साऱ्या. च्या करतो, तिळगूळ खातो, आन म्या एकेक रोप देते. दहा जनी हायेत. बायडीचं तर माझ्यापरीस भारी आलंय." ती हसली. "आता तुमी आलाव तर सांगा, फळ आनखी मोठं व्हायला काय घालू?"

विषाणू डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ती बिचारी तीन वर्षं आनंदात होती. ते आता हिने मोडायचं. घरच्यासारखी चिठ्ठी लावता आली असती तर तिने लावली असती. पण इथे फ्रिज नव्हता. ती तेलाच्या एका उपड्या डब्यावर बसली आणि सांगितलं. रोपं दिसायला छान आहेत पण आतून आजारी आहेत, हे सांगितलं. गटाची बाग दोनदा बसली ती यांच्यामुळे, हेही सांगितलं. "दोष तुमचा नाही. आजारी रोप मीच आणलं होतं, साखरबाई. तपासायला हवं होतं, तपासलं नाही. आणि सगळ्यांची बदलून दिली तेव्हा तुमच्याकडे आलेच नाही. आता ही सगळी उपटावी लागतील. तुमची आणि त्या दहाजणींचीही."

साखरबाईचं हसू मावळलं. बराच वेळ ती एका रोपाचं पान बोटांनी पुसत राहिली, मूल झोपवताना थोपटतात तसं.

"तुमी बदलून देत होता तवा म्या दार उघडं ठेवून बसले होते," ती म्हणाली. "दोन दिस कामाला गेले न्हाई. ताट घेऊन तुमी म्होरच्या आळीतून चाललाव, ते इथून दिसत होतं. वाटलं, शेवटाला येतीला."

"मग हाक मारायची होती ना!"

"वान काय हाक मारून मागत्यात व्हय, ताई?"

कुणाच्या तरी घरी मोटर चालू झाली.

"मग म्या मनाला सांगितलं," साखरबाई पुढे म्हणाली, "ज्यांचं बिघडलं त्यांचं बदलून देत्यात. माझं चांगलं असंल, म्हनून आल्या न्हाईत."

विजयावहिनीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पदराने तोंड पुसून ती एकदम वळली आणि निघाली. ती घरी जाऊन येईपर्यंत साखरबाईने आळीत हाका मारल्या. बायडी आली, आणखी चौघी-पाचजणी आल्या, कुणी डोक्यावर खोकं घेऊन, कुणी कडेवर बादली घेऊन. एकजण म्हातारी होती, तिच्या डब्यात एकच फळ पिकलेलं होतं. तिने विचारलं, हे खाल्लं तर चालेल का? चारुता म्हणाली, खा, माणसाला काही होत नाही. म्हातारीने ते तोडून अर्धं साखरबाईला दिलं.

तेवढ्यात विजयावहिनी आली. हातात तेच मोठं ताट, हळदीकुंकवाच्या वाट्या, तांदूळ, नारळ, आणि काखेत चारुतासाठी रिकामं पोतं. मागून अण्णा चारुताने सकाळी केंद्रातून आणलेल्या तपासलेल्या रोपांचं खोकं घेऊन आला, खाली ठेवून गुपचूप निघून गेला. वहिनी दिवसाउजेडी, सगळ्या आळीदेखत, साखरबाईसमोर उभी राहिली. राऊतांच्या घरात आजवर कुणी हे केलं नव्हतं, आणि उद्या पुढच्या आळीत काय बोललं जाईल हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी तिने बोट कुंकवात बुडवलं आणि साखरबाईच्या कपाळाकडे नेलं.

साखरबाईने मान मागे घेतली.

"आज नगं, वहिनी," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, दिवसभर निंदणी करून आलेल्या बाईचा आवाज होता. "आज तुमाला रोप पायजे, म्हनून लावताय. पुढल्या संक्रांतीला आमच्याकडनं काय बी नको असंल, तवा बोलवा."

मग ती खाली बसली, आपल्या हाताने पहिलं रोप मुळापासून उपटलं, माती झटकली आणि चारुताच्या पोत्यात टाकलं. बाकीच्याही बसल्या. चारुता पोत्याचं तोंड धरून उभी होती.